विभाबाईंचा ठसा

आमच्या घरात वर्षाचे दोन महिने माणसं असायची, उरलेले दहा महिने माती. बाबा गणपती करायचे. गोव्यात चोपड्याला नदीकडून वर चढणाऱ्या वाटेवर आमचं घर होतं आणि घराच्या उजव्या अंगाला एक लांब पडवी, तिला सगळे चित्रशाळा म्हणत. शाळेशी तिचा काही संबंध नव्हता. श्रावणाच्या तोंडावर घराघरांतून पाट यायला लागायचे. एखाद्या पाटाच्या पाठीला खूण केलेली, एखाद्याचा पाय उंदरांनी कुरतडलेला, आणि बाबांना नुसता पाट बघून घर कळायचं. पाटावर मातीचा पहिला गोळा ठेवून बाबा हात जोडत, आणि तिथून पुढे चतुर्थीपर्यंत त्या मातीला पाय लावायचा नाही. त्याच्या आधी मात्र तिला पायच लागायचे, आणि ते पाय माझे होते. माती मयेहून यायची, दिचोलीकडून. ढेकळं बडवायची, खडे आणि मुळं वेचायची, भिजत घालायची, मग काष्टा मारून तुडवायची. वरच्या वाशाला एक दोरी बांधलेली असे, ती एका हातात धरायची. टाच, मग चवडा, मग अर्धं वळण, पुन्हा टाच. आई होती तोवर ते काम तिचं. ती गेली तेव्हा मी चौथीत होते. पुढे शाळा झाली नाही. आईबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, कारण मला तिचं तोंडसुद्धा नीट आठवत नाही. तिच्या पोटऱ्या आठवतात, गुडघ्यापर्यंत मातीने भरलेल्या.

घरात बाबा, मी आणि बाबांची विधवा बहीण, आमची आत्ये. बाबा कमी बोलणारे. पाट यायला लागले की लोकांशी दोन शब्द बोलत, चतुर्थी झाली की पुन्हा बंद. आत्ये दिवसभर बोलायची, पण कोणाशी नाही; चुलीशी, मांजराशी, करपलेल्या भांड्याशी. मी उत्तर दिलं तर दचकायची. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत यायचा, बाबा त्याच्याकडून उंडे घेत आणि चहात बुडवून खात. तो भोंपू म्हणजे आमच्या घराला बाहेरून आलेला पहिला आवाज, आणि पुष्कळदा शेवटचाही. दहा-साडेदहाला पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा खाराची मिरची. पाट आल्यावर बांगडाही बंद, चतुर्थीपर्यंत घरात नुस्तें नाही. नुस्तें म्हणजे मासळी. गोव्यात त्याच्याशिवाय जेवण म्हणजे नुसतंच जेवण. माझ्या वयाच्या मुली विहिरीवर भेटत, पण त्यांची लग्नं ठरत होती आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. मी एकटी होते असं तेव्हा मला वाटत नव्हतं. दुसरं काही माहीतच नव्हतं.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. कोकणी की मराठी, यावरून बाजारात माणसं एकमेकांच्या अंगावर जात. आमच्या चित्रशाळेची भिंत रस्त्याकडून दिसायची आणि चतुर्थीला पांढरी केलेली असायची, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पोरांना ती आवडली. आधी एकांनी येऊन घोषणा लिहिली, दोन दिवसांनी दुसऱ्यांनी ती खोडून आपली लिहिली. बाबा दोन्ही वेळा बाहेर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अक्षर वांकडें." एवढंच. आमच्या घरात बोलायचं एक आणि लिहायचं दुसरं, त्यात आम्हाला कधी अडचण आली नव्हती. मी हे मराठीत लिहिते आहे कारण चौथीपर्यंत मला तेच लिहायला शिकवलं. पुढे गोव्याचं वेगळं राज्य झालं तेव्हाही आमच्या घरात त्यावर फार बोलणं झालं नाही. आत्येने चुलीला विचारलं, "राज्य जालें मगे, तेल सवाय जातलें काय?" तेल काही स्वस्त झालं नाही.

विभाबाई आमच्या गावात आल्या त्या एका कार्तिकात. आमच्या वरच्या बाजूला एक घर रिकामं होतं, मालक मुंबईला. ते त्यांनी भाड्याने घेतलं. त्यांच्याबरोबर एक चित्रकार होता, केदार. त्या त्याला नावाने हाक मारत आणि तोही त्यांना नुसतं 'विभा' म्हणे, त्यामुळे दोन दिवसांत सगळ्या गावाला काम मिळालं. आत्ये प्रथमच माझ्याशी सरळ बोलली. "घोव काय गो तो तिचो?" मी म्हटलं, मला काय माहीत. "गळ्यात कांय ना. कपाळय मोकळें. आनी नाचता म्हणटात." "नाचते तर नाचते." "अगो, पूण खंय नाचता? देवळात न्हय, नाटकात न्हय. घरात दार लावन नाचता!" हे खरं होतं. विभाबाई पुण्याच्या. लहानपणापासून चाळ बांधून देवादिकांच्या गोष्टींचे नाच शिकलेल्या, आणि तिशी ओलांडल्यावर एक दिवस त्यांनी चाळ सोडून ठेवले. त्यांनीच हे मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, "राधा होऊन कंटाळा आला गं. एकदा नुसती बाई होऊन नाचून बघावं म्हटलं." मला ते कळलं नाही. आता कळतं, पण पटतं असं नाही.

त्या माती मागायला चित्रशाळेत आल्या तेव्हा मी तुडवत होते. चतुर्थीनंतर उरलेली माती खड्ड्यात ओली ठेवतात आणि मधूनमधून तुडवतात, नाहीतर तिचा दगड होतो. बाबा पडवीच्या टोकाला तुळशीच्या कुंड्या रंगवत होते. विभाबाईंनी मातीचं काही विचारलंच नाही. उंबऱ्यावर बसल्या आणि बघत राहिल्या. मला वाटलं आता उठतील, मग उठतील. शेवटी मीच थांबले.

"थांबलीस का?"

"झालं."

"झालं कसं कळतं?"

"पायाला कळतं."

"मला कळेल?"

मी म्हटलं, "साडी वर घ्या आणि या."

त्या खरंच आल्या. दोरी त्यांनी धरली नाही आणि तिसऱ्या पावलाला बसकण मारली. बाबा हसले. बाबांना हसताना मी किती दिवसांनी बघितलं ते सांगता येणार नाही. त्या दिवसानंतर विभाबाई रोज यायच्या. कधी तुडवायच्या, बहुतेक वेळा बघायच्या. माझ्याकडे इतकं कोणी कधी बघितलं नव्हतं. स्थळं बघायला येतात तसं नाही. माझ्या घोट्याकडे, पाठीच्या कण्याकडे, दोरी धरलेल्या हाताकडे. सुरुवातीला मला राग यायचा. मग ज्या दिवशी त्या आल्या नाहीत त्या दिवशी माती लवकर झाली आणि दिवस संपता संपेना.

पौषात गावात धालो असतात. बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, दोन रांगा करून समोरासमोर गाणी म्हणत पुढे-मागे नाचतात. विभाबाईंना ते बघायचं होतं, मी घेऊन गेले. बायकांनी त्यांना बघत बसू दिलं नाही, हात धरून रांगेत ओढलं. विभाबाईंनी एकदा बघितलं आणि दुसऱ्या फेरीला त्या बायकांपेक्षा चांगल्या नाचायला लागल्या. तेच चुकलं. धालो चांगले नाचायचे नसतात, सगळ्यांसारखे नाचायचे असतात. एकीने गाणं न सोडता दुसरीला म्हटलं, "हिका मदीं घाला गो, आमचे पाय दिसपाचे बंद जाले." सगळ्या हसल्या. विभाबाईही हसल्या. घरी येताना वाटेत एकदम म्हणाल्या, "शशी, तूसुद्धा रांगेत नव्हतीस." मी म्हटलं, लग्न न झालेल्या पोरींनी कडेला बसायचं असतं. त्या म्हणाल्या, "मीही कडेलाच." आम्ही दोघी हसलो. केदारने दार उघडलं तेव्हा आम्हाला त्याला हसण्याचं कारण सांगता आलं नाही.

केदार मला नकोसा नव्हता, पण त्याच्यासमोर मी कमी बोलायची. तो मी तुडवत असताना कोळशाने चित्रं काढायचा, भराभर, आणि एकेक कागद फाडायचा. "कागदावर थांबलेली दिसते," म्हणायचा. एक दिवस त्यांनी जमिनीवर कापड अंथरलं, विभाबाईंनी तळव्यांना कोळसा लावला आणि त्यावर नाचल्या. कापडावर काळ्या रेघांचा गुंता उरला. केदारला तो फार आवडला, भिंतीवर टांगला. विभाबाई म्हणाल्या, "हे नाचाचं हगणं आहे, नाच नाही." असे शब्द बाई वापरायच्या, मला आवडायचं. त्यांचं भांडण रोज तेच असायचं. तो म्हणायचा काहीतरी उरलं पाहिजे, नाहीतर केलं काय? त्या म्हणायच्या उरतं ते मेलेलं असतं. नाच झाला की संपला, तेच त्याचं सुख. शहरांत तेव्हा असं खूप चाललं होतं म्हणे, चित्रकार भिंत सोडून जमिनीवर उतरत होते आणि नाचणारे गोष्ट सोडून नुसत्या शरीरावर येत होते, आणि दोघं मध्ये कुठेतरी एकमेकांच्या पायात अडकत होते. मी भांडी घासताना हे सगळं ऐकायची. हो, तोवर मी त्यांच्याकडे भांडी घासायला लागले होते. आत्ये म्हणाली, तेवढंच दुपारचं तोंड बंद. माझं की तिचं, ते तिने सांगितलं नाही.

शेवटी दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवली. पणजीत, मांडवीच्या जवळ एका जुन्या इमारतीतल्या दालनात मातीचा गादीएवढा जाड थर अंथरायचा. तो मी लोकांसमोर तुडवायचा. मग विभाबाई त्यावर नाचणार, शेवटी आडव्या होणार, मी त्यांच्या अंगाच्या कडेने माती दाबणार, आणि त्या उठल्या की त्यांच्या अंगाचा ठसा मागे राहणार. नाच संपणार आणि काहीतरी उरणार. ठसा महिनाभर तिथे ठेवायचा, मुंबईहून माणसं बघायला येणार. "आवडलं तर आपण तिघं मुंबईला," विभाबाई म्हणाल्या. "तिथे वर्षभर काम असेल. राहशील माझ्याकडे?" मी हो म्हटलं. विचार वगैरे केला नाही. मला त्या घरातून जायचं होतं आणि कोणाबरोबर तरी राहायचं होतं, जिला माझ्याशी बोलताना दचकायला होत नाही. दुसरं काही कारण नव्हतं. कलेचं तर मुळीच नव्हतं.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लोकांमुखार माती मळटलें?"

"हो."

"कित्याक?"

"त्यांना बघायचं आहे."

बाबांनी कुंडीवरची रेघ पुरी केली. "म्हाका कोण बघपाक येवंक ना इतकीं वर्सां," म्हणाले. "वच. पूण पाट येवचे आदीं यो." जा, पण पाट यायच्या आत परत ये.

माती टेंपोत भरून आम्ही फेरीबोटीने शिवोलीला उतरलो आणि तिथून पणजी. दालनात वरून एक दोरी बांधून घेतली होती, आमच्यासारखीच, फक्त नवी. लोक जमिनीवर आणि खुर्च्यांवर गोल बसले होते. दाढीवाले, खादीवाले, काही गोरे, पुढे रेशमी साडीतल्या दोन बायका नाकाला रुमाल लावून. गाणं नाही, तबला नाही. माझ्या पायांचा आवाज तेवढा, आणि तो आवाज काय असतो ते ज्याने माती तुडवली त्याला माहीत आहे. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. कोणी हसलं नाही. मग विभाबाई पांढऱ्या सुती कपड्यात मातीवर आल्या. घसरत होत्या, आणि घसरणं तसंच ठेवत होत्या, सावरत नव्हत्या. सरावात असं नव्हतं. मी त्यांच्या मागून त्यांचीच पावलं पुसत चालले. शेवटी त्या आडव्या झाल्या. मी टाचेने त्यांच्या खांद्यांजवळ, मांड्यांजवळ, डोक्याभोवती माती दाबली. त्यांचे डोळे उघडे होते आणि खालून त्या माझ्याकडे बघत होत्या. मग सावकाश उठल्या. मातीत एक बाई राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. इतकं बरं मला पुढेही फार कमी वेळा वाटलं, लग्नाच्या दिवशी तर नाहीच.

टाळ्या वाजवणाऱ्या माणसांबरोबर ती दोघं जेवायला गेली. विभाबाई मला चल म्हणाल्या होत्या, पण ठशावर ओलं फडकं घालायचं काम माझं होतं. झाडलोट करणारी बाई मागच्या खोलीत राहायची, तिच्याकडे मी भाजी-पाव खाल्ला आणि झोपले. सकाळी उठून दालनात गेले. वरचे पंखे कोणी बंद केले नव्हते. फडकं वाळून कडक झालं होतं. ते उचललं तर ठशाला तडा गेलेला, गळ्याच्या खळग्यापासून बेंबीपर्यंत.

आमच्याकडे असं झालं की काय करतात ते इथे सांगायला हवं. सुकताना मूर्तीला तडा गेला तर आमच्या चित्रशाळेत तो शब्द उच्चारत नाहीत. 'निघालो' म्हणतात, म्हणजे देव निघाला. लिंपत नाहीत, तशी ठेवत नाहीत. बाबा चहासुद्धा न घेता मूर्ती फडक्यात गुंडाळतात, डोक्यावर घेतात आणि नदीत सोडून येतात. वाटेत कोणाशी बोलायचं नाही. घरी येऊन त्याच पाटावर नवी माती ठेवायची. ज्याचा पाट त्याला कधीच सांगायचं नाही. देवाने आपलं घर नाकारलं असं त्याला वाटायला नको. मी जन्मल्यापासून हे बघत आले. आता कोणी म्हणेल, तू त्या ठशाला देव समजलीस. नाही. चौथी शिकलेली असले तरी विभाबाई आणि गणपती यांतला फरक मला कळत होता. पण माणसाच्या अंगाची माती होती आणि ती निघाली होती. तिला तशीच चारचौघांत महिनाभर उघडी ठेवायची आणि परक्या लोकांनी येऊन तडा बघायचा, हे माझ्याने होणार नव्हतं.

तिथला राखणदार मारुतीमामा आजऱ्याकडचा म्हातारा. मी पाटीत पहिला तुकडा भरला तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

"आगं पोरी, काय करायलीस?"

मी नदीकडे हात केला.

"समदं?"

मी मान हलवली.

"कोन गं ही?"

बोलायचं नसतं, पण त्याने विचारलं तर सांगावं लागलं. "बाय."

"वारली?"

"ना. जित्ती आसा."

"मग बरं हाय," म्हणाला आणि दुसरी पाटी शोधायला गेला.

डोकं मी आधी नेलं. रस्त्यावर कचेरीला जाणारी माणसं होती. टोपलीत नुस्तें घेऊन चाललेली एक बाई माझ्यासमोर थांबली, "कोणालें गो?" म्हणाली. मी गप्प. तिने टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. मग आणखी एकाने चपला काढल्या. कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं. आम्ही पुन्हा पुन्हा येत-जात राहिलो, मारुतीमामा मागे खोकत. विभाबाई आणि केदार आले तेव्हा शेवटची पाटी माझ्या डोक्यावर होती आणि मी गुडघाभर पाण्यात होते.

केदार काठावरूनच ओरडला. "काय केलंस हे? महिनाभर राहायचं होतं ते! माणसं यायची होती मुंबईहून!"

मी पाटी सोडली. मग बोलले. "तडा गेल्लो."

"मग गेला तर गेला! तडा चांगला दिसला असता!"

विभाबाई साडीसकट पाण्यात आल्या, मी माती सोडली त्या जागी पाणी लाल-करडं झालं होतं तिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढे जाऊ नको शशी, खोल आहे." त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. फेरीबोटीत केदार आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी समजले की मुंबई संपली.

घरी बाबांनी विचारलं, "जालें?" मी म्हटलं, "निघालो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "उदकांत?" "व्हय." "बरें केलें," म्हणाले. आत्येने पेज वाढली. पुढचे काही दिवस मी वरच्या घराकडे गेले नाही आणि तिकडूनही कोणी आलं नाही. मी माती तुडवली. ती तुडवून झाली तरी तुडवली. तेवढा काळ मी विसरू शकलेले नाही, आणि त्यात लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही.

मग एक दिवस विभाबाई धावत उतारावरून आल्या, हातात वर्तमानपत्र. त्या सकाळी काठावर कोणी लिहिणारा माणूस होता. त्याने लिहिलं होतं की दालनात झाला तो नुसता सराव, खरा प्रयोग नदीवर झाला. माझं पाटी घेतलेलं छायाचित्र होतं, तोंड दिसत नव्हतं. विभाबाई इतकं भरभर बोलत होत्या की बाबांनी ब्रश खाली ठेवला. मुंबईच्या लोकांनी बोलावलं होतं. समुद्र होता तिथे, दालनापासून जवळ. "तुझ्याशिवाय होणारच नाही," म्हणाल्या. केदारही आला होता मागून, हसत होता, "मी उगाच ओरडलो, सॉरी," म्हणाला. माझ्या आयुष्यात मला कोणी म्हटलेलं ते पहिलं सॉरी. मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. आत्येने सोलं आणि सुके बांगडे कागदात बांधले आणि म्हणाली, "मुंबयत नुस्तें शिळें मेळटा." म्हणताना माझ्याकडे बघत होती, चुलीकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांच्या अंगणात गेले. नवा थर अंथरलेला होता, थोडा लहान, आणि त्यात विभाबाईंचा ठसा, सकाळीच उठवलेला. छान उठला होता. बोटंसुद्धा दिसत होती. केदार पाट्यावर सुरी घासत होता. मला बघून म्हणाला, "आलीस? ये. कुठून कुठपर्यंत गेला होता गं तो? तूच बघितलास फक्त."

"काय?"

"तडा. दाखव ना. इथून?" त्याने सुरीचं टोक गळ्याजवळ हवेत धरलं. मग सुरी माझ्या हातात दिली. "तूच मार. तुझा हात बरोबर जाईल."

मी विभाबाईंकडे बघितलं. त्या पायरीवर केस बांधत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तडा आपोआप जायची वाट बघता येणार नाही ना शशी. लोक तिकीट काढून येणार."

"पण ही तर बरी आसा," मी म्हटलं. गडबडीत मी त्यांच्याशी घरच्यासारखं बोलले.

"हो, म्हणून तर."

"बऱ्या मातीक सुरी मारची?"

विभाबाई उठून माझ्याजवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज मऊ होता. "शशी, हा देव नाही गं. ही नुसती माती आहे."

"ठावक आसा."

"मग?"

"मग उदकांत तरी कित्याक घालची?"

केदारने एकदा विभाबाईंकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. नाचाचं काही उरू नये म्हणणाऱ्या बाई होत्या त्या, आणि आता त्यांना तेच पुन्हा हवं होतं, तसंच्या तसं, रोज संध्याकाळी. मी हे तेव्हा असं मांडू शकले नसते. तेव्हा माझ्या हातात सुरी होती आणि हात उचलत नव्हता, एवढंच. मी सुरी पायरीवर ठेवली. विभाबाई म्हणाल्या, "आम्ही उद्या सकाळच्या फेरीने जातोय. तू ये. सुरी नको धरूस, केदार करेल ते. तू फक्त पाटी घे डोक्यावर." मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांनी विचारलं नाही.

मी रागावले नव्हते. लोकांना हे नीट सांगायला हवं, कारण नंतर मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांना वाटलं की मला फसवल्यासारखं झालं. तसं काही नव्हतं. विभाबाई मला आवडायच्या, त्या सकाळीही आवडत होत्या. भरलेली पिशवी खुंटीला होती. मी उठले, अंघोळ केली, पोदेर येऊन गेला. मग मी चित्रशाळेत जाऊन बसले आणि फेरीच्या इंजिनाचा आवाज ऐकला, आधी अलीकडे, मग पलीकडे. बाबांनी विचारलं, "गेलीं?" मी म्हटलं, "गेलीं." त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

आज मी दिचोलीत राहते. नवरा गेला, मुलं आपापल्या जागी. नात कॉलेजात आहे, ती एकदा म्हणाली, आजी तू गेली असतीस तर आज पुस्तकात असतीस. मी म्हटलं, असेन. पुस्तकात एकटं नसतं का माणूस? विभाबाईंचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्या नाचत राहिल्या असतील अशी माझी समजूत आहे.

ती दोघं गेली तेव्हा तो ठसा त्यांच्या अंगणात तसाच राहिला होता. घर बंद, मालक मुंबईला. मी दोन-तीनदा कुंपणावरून बघून आले. उन्हात तो पांढरट होत चालला होता, पण तडा गेला नाही. एका दुपारी आत गेले आणि त्यात आडवी झाले. विभाबाई माझ्यापेक्षा उंच आणि अंगाने रुंद. खांद्यांकडे जागा उरली आणि पायांकडे पुष्कळ. आत गार होतं. वर आंब्याची फांदी दिसत होती. थोडा वेळ पडून राहिले, मग उठले, घरून बडवणं आणलं आणि पायांकडून फोडायला सुरुवात केली. चांगली माती होती, टाकून द्यायची कशाला. पाट्या भरून घरी आणली, भिजत घातली, तुडवली. पाट यायला लागले तेव्हा ती लोण्यासारखी झाली होती. बाबांनी त्यातला एक गोळा हातात घेतला, अंगठ्याने दाबून बघितला.

"बरी आसा," म्हणाले. "खंयची गो ही?"

"हांगाचीच," मी म्हटलं. इथलीच.